पेजेचा वास

२२ नोव्हेंबर २०२१, सोमवार

आज वरोरला पोचलो. एसटीचा संप मिटलेला नाही, म्हणून तलासरीहून जीपने डहाणू, तिथून रिक्षाने वाणगाव, आणि वाणगावहून एका टेम्पोत मासळीच्या रिकाम्या टोपल्यांमध्ये बसून थेट समुद्रापर्यंत. टेम्पोवाल्याने पैसे घेतले नाहीत. देवकीकाकींकडे कामाला आलोय म्हटल्यावर तो नुसता हसला.

जागा छान आहे. देवकीकाकींच्या सुक्या मासळीच्या वखारीला लागून पत्र्याची खोली, समुद्राकडे खिडकी, खाली शेणाने सारवलेली जमीन. बाहेर मोठं अंगण आणि त्यात बांबूच्या उंच वलांड्या. त्यांच्या दोऱ्यांवर बोंबील जोडीजोडीने लटकवतात, तोंडात तोंड अडकवून. वाऱ्याने ते सगळे एकदम हलतात. मी बराच वेळ बघत उभा राहिलो.

हे काम बुधीमावशीने मिळवून दिलं. ती आईची मावसबहीण, कैनाडला राहते आणि हंगामात इथे मासळी सुकवायला येते. तिने आधीच सांगितलं होतं की देवकीकाकी प्रत्येक नव्या माणसाची परीक्षा घेतात. मासळी खारवायची जुनी टाकी आहे. तिच्या तळाशी कित्येक आठवड्यांचा गाळ साचतो. नव्या माणसाने मास्क काढून तो गाळ हाताने उपसायचा. ज्याने नाकाला रुमाल लावला तो त्याच दिवशी घरी. काकींचं म्हणणं असं की ज्याला मासळीची किळस येते त्याला उद्या आमचीही येईल.

मी मास्क काढला आणि टाकीत वाकलो. मनात म्हटलं, आता उलटी होणार.

तर वास आला पेजेचा. नव्या तांदळाची, चुलीवरून नुकती उतरवलेली पेज, वर साय धरलेली. आई करायची तशी. मी दोन्ही हात कोपरापर्यंत घालून गाळ काढत राहिलो आणि मला रडू आलं. काकी मावशीला म्हणाल्या की पोरगा चांगला आहे, याला ठेवू.

एप्रिलनंतर पहिल्यांदाच मला कशाचा तरी चांगला वास आला.

२४ नोव्हेंबर, बुधवार

डॉक्टरबाईंनी सांगितलं होतं की रोज काय खाल्लं आणि कशाचा कसा वास आला ते लिहीत जा. म्हणून ही वही. शाळा नववीला सुटली, पण अक्षर नीट आहे.

एप्रिलमध्ये मला कोरोना झाला. ऑक्सिजनवर होतो. वाचलो. घरी आलो तेव्हा वास नव्हता, चव नव्हती. पावसाळ्यात वास परत आला, पण चुकीचा. कांदा परतला की टायर जळल्यासारखा. भात गटारासारखा. साबण, चहा, अंडं, सगळं कुजकं. डॉक्टरबाई म्हणाल्या, नाकाच्या नसा नव्याने वाढताना चुकीच्या ठिकाणी जोडल्या जातात, धीर धर. बादल्यांच्या कारखान्यात कामाला होतो, तिथे जिना चढताना छाती धडधडायची आणि मी सांगितलेलं काम विसरायचो. त्यांनी येऊ नको म्हणून सांगितलं.

सगळ्यात वाईट म्हणजे आई. आईच्या अंगालाही तसाच वास यायला लागला. ती ताट घेऊन जवळ बसली की मी उठून बाहेर जायचो. तिला कारण सांगितलं नाही. तिला वाटतं मी कामासाठी घर सोडलं.

इथे दुपारचं जेवण घरातून येतं. काकींची सून हिना आणून देते. आज भात आणि कोलंबीचं कालवण होतं. दोन घास गिळले, बाकीचं कुत्र्याला घातलं.

पण वलांडीवरून गळून पडलेले, आतून ओले राहिलेले बोंबील वेगळ्या टोपलीत टाकतात. त्यातले दोन मी संध्याकाळी निखाऱ्यावर भाजले. अळ्या झटकल्या. चवीला उत्तम लागले. पोट दुखलं नाही.

बुधीमावशीने बघितलं. म्हणाली, "दिप्या, नाक घरी खुंटीला टांगून आलास काय रे?" सगळ्या बायका हसल्या. मीही हसलो.

२७ नोव्हेंबर, शनिवार

आज घरात जाण्याचा प्रसंग आला. मिठाची गोणी माजघरात ठेवायची होती. आत गेलो आणि थांबलो. पेजेचा वास. टाकीपेक्षा कितीतरी ताजा, गरम. मागच्या खोलीतून येत होता. मला वाटलं चूल तिकडे असेल.

चूल नव्हती. खाटेवर देवकीकाकींचे यजमान होते. चंदरबाबा. एके काळी वरोरचे नावाजलेले तांडेल, स्वतःची होडी, हाताखाली खलाशी. त्यांनाही एप्रिलमध्येच कोरोना झाला. दवाखान्यातल्या औषधांनी साखर वाढली ती खाली आलीच नाही. मग पायात खिळा गेला. दोन बोटं काढली, तरी जखम टाचेकडे सरकतेय.

मुलगा मितेश दारातूनच बोलत होता. हिना दोन मास्क लावून पाणी ठेवून गेली. नर्सबाई आठवड्यातून दोनदा येतात, बाकीचे दिवस पट्टी काकी बदलतात, तोंडाला पदर बांधून. आज त्यांना मध्येच उठून बाहेर जावं लागलं. पट्टी अर्धी सोडलेली. मग मीच बसलो. मिठाच्या पाण्याने धुतलं, मलम लावलं, कापूस ठेवला, नवी पट्टी गुंडाळली.

बाबा माझ्या तोंडाकडे बघत होते. मी नाक मुरडतो का ते बघत होते. मग म्हणाले की आपण दोघे एकाच लाटेतले, म्हणून तुला चालतंय.

बाहेर आलो तर काकी डोळे पुसत होत्या. उद्यापासून पट्टीचं काम माझं.

३० नोव्हेंबर, मंगळवार

आता मी जेवतो. पोटभर जेवतो.

झालं असं की बाबांना एकट्याने जेवण जात नाही, म्हणून काकी म्हणाल्या तू ताट घेऊन तिथेच बस. मी बसलो. त्या खोलीत भाताला गटाराचा वास येत नाही. तिथे फक्त पेजेचा वास. मी तीन वेळा भात घेतला. हिना दारात उभी राहून बघत होती, तिने पदर तोंडाशी धरला होता.

बाबा गमतीचे आहेत. गुजरातकडच्या खलाशांच्या गोष्टी सांगतात, मध्येच गुजराती बोलतात, मग मला कळलं नाही म्हणून हसतात. होडीत एकदा विंचू निघाला तर सहा माणसं पाण्यात उड्या मारून मोकळी झाली आणि विंचू एकटाच सुकाणूपाशी, असं सांगितलं. मी उठताना म्हणाले की बाकीचे दारातून बोलतात, तू बसतोस. मला ऐकायला बरं वाटलं. खरं कारण त्यांना माहीत नाही हे मनात टोचलं.

रात्री आईचा फोन. म्हटलं, जेवतोय. तिने परत विचारलं, काय काय जेवलास.

२ डिसेंबर, गुरुवार

काल अवेळी पाऊस झाला. दिवसभर. वलांड्यांवर होतं नव्हतं ते सगळं भिजलं. ताडपत्र्या उडाल्या. आज ऊन पडल्यावर माल काळा पडू लागला आणि अंगणभर माश्या.

काकी ओट्यावर डोक्याला हात लावून बसल्या. मितेश उडालेल्या ताडपत्र्या गोळा करतोय. बायका नाकातोंडाला फडकी बांधून कुजलेला माल खड्ड्यात ओढतायत.

मला मात्र वाटत होतं की गावात लग्न आहे आणि शंभर चुलींवर पेज शिजतेय. मी खड्ड्याच्या काठाशी उभा होतो, हातात घमेलं. नंतर बुधीमावशी माझा दंड धरून हलवत होती. ती विचारत होती की तू काय खातोयस.

माझ्या तोंडात काहीतरी होतं. मी थुंकलो.

तिला सांगितलं, तंबाखू. मी तंबाखू खात नाही हे तिला माहीत आहे.

५ डिसेंबर, रविवार

नर्सबाई खूष आहेत. नवीन गोळ्या लागू पडतायत. जखमेच्या कडा लाल व्हायला लागल्या, म्हणजे बरी होतेय. काकींनी देवापुढे नारळ फोडला. बाबा म्हणाले, होळीला मी चालत येईन.

मीही हसलो. पण दुपारी ताट घेऊन बसलो तर भाताला वास येत होता. गटाराचा. थोडासाच, पण येत होता. पेजेचा वास पातळ झाला आहे. चार घास खाल्ले. संध्याकाळी तेही नाही.

त्यांची जखम भरतेय आणि मला वाईट वाटतंय. हे वाक्य लिहून मी तीन वेळा वाचलं. बरोबर लिहिलं आहे.

७ डिसेंबर, मंगळवार

झोप नाही. छाती धडधडते. काही खाल्लं नाही. पाणीसुद्धा गंजल्यासारखं लागतं. अंगणात इकडून तिकडे फिरतो, बसवत नाही. बायका काही सांगतात, मी पुढच्या वलांडीपर्यंत जातो आणि काय सांगितलं ते विसरतो. हे एप्रिलपासूनचंच आहे. डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या, विसर पडेल, घाबरू नको.

९ डिसेंबर, गुरुवार

जखम परत चिघळली. नर्सबाईंना कळेना. त्यांनी विचारलं, मलम रोज लावतोस ना? मी हो म्हटलं. त्यांनी ट्यूब हातात घेतली आणि दाबून बघितली. ट्यूब भरलेली होती. त्यांना वाटलं नवीन आणली असेल.

मी रोज लावतो. मला लावल्याचं आठवतं. झाकण उघडल्याचं आठवतं. पण झाकणाखालचं चंदेरी कागदाचं सील अजून तसंच आहे.

दुपारी तीन ताटं भात जेवलो. बाबा म्हणाले, तुझ्या अंगावर मांस चढायला लागलं.

आज पट्टी सोडताना तोंडाला पाणी सुटलं. एक थेंब त्यांच्या पायावर पडला. त्यांना वाटलं मी रडतोय. त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला.

१० डिसेंबर, शुक्रवार

सकाळी अंथरूण झटकलं. उशीखाली जुन्या पट्ट्या होत्या. बाबांच्या. त्या जाळायच्या असतात. मी जाळतो. नीट घड्या घालून ठेवलेल्या होत्या. एकीच्या कडेला चावल्यासारखं—

जाळल्या सगळ्या. उभा राहून जाळल्या.

मग काकींकडे गेलो. म्हटलं, मला जाऊ द्या. त्यांना वाटलं घरची आठवण येतेय. म्हणाल्या की तू गेलास तर त्यांना हात कोण लावणार, त्यांचा स्वतःचा मुलगा दाराच्या आत येत नाही. मग मी खरं सांगायचं ठरवलं. शब्द मनात जुळवून ठेवले होते. काही लपवायचं नाही.

म्हटलं, "काकी, मला त्या जखमेचा वास आवडतो. मला भूक लागते."

त्यांनी माझं तोंड दोन्ही हातांत धरलं. त्यांच्या हातांना कुजका वास येत होता, मला मान फिरवावी लागली. त्या रडत होत्या. म्हणाल्या, "मला ठाऊक आहे रे. माझ्या पोटच्या पोराला त्या खोलीत घास उतरत नाही, आणि तू तिथे जेवतोस. पहिल्या दिवशी टाकीवरच ओळखलं मी तुला."

मी परत सांगितलं. त्यांनी माझी दृष्ट काढली.

११ डिसेंबर, शनिवार

काकींच्या भाचीचं लग्न आहे, झाईला. उद्या हळद, परवा लग्न. सगळं घर जाणार. परवा रात्री परत. वखार बंद. बाबा आणि मी.

मितेशला म्हटलं, मला बाहेर ठेवा, खोलीला कुलूप लावा. तो हसला. म्हणाला, मग म्हाताऱ्याला पाणी कोण देणार, भूत?

बुधीमावशीला म्हटलं, तू थांब. ती सुट्टीला कैनाडला चाललीय, नातवाला बरं नाही. माझ्याकडे बघत राहिली. हसली नाही. म्हणाली, "दिप्या, तू पण चल माझ्याबरोबर. आत्ताच चल."

मी निघालो होतो. पिशवी भरली होती. मग बाबांनी हाक मारली, पट्टी ओली झाली म्हणून. मी आत गेलो. बाहेर आलो तेव्हा रिक्षा गेलेली होती. केव्हा गेली ते—

१२ डिसेंबर, रविवार

गेले सगळे. टेम्पोत बायका गाणी म्हणत होत्या. काकींनी घराची किल्ली माझ्या हातात दिली. मी नको म्हटलं. त्यांनी माझी मूठ मिटवली.

नाकात कापूस घातला, त्यावर बाम. डोळ्यांतून पाणी आलं. वास तसाच. म्हणजे तो नाकातून येत नाही. मग कुठून—

किल्ली समुद्रात टाकली. मग लक्षात आलं की दार उघडंच आहे.

किनाऱ्याने चालत सुटलो. वाढवणच्या बाजूला. दम लागेपर्यंत. पुन्हा उभा राहिलो तेव्हा समोर बाबांची खाट होती.

आईला फोन केला. ती म्हणाली, जेवलास का. मी फोन ठेवला.

बाबांना ताप आहे. पाणी दिलं. हात लांब ठेवून दिलं.

१३ डिसेंबर, सोमवार

सकाळ. मितेशचा फोन लागत नाही. काकींचा लागला, ढोल वाजत होते. म्हटलं, आत्ता या, बाबांना ताप आहे. म्हणाल्या अक्षता पडल्या की निघतो, तू आहेस ना, मग मला काळजी नाही.

तू आहेस ना—

नर्सबाईंचा फोन बंद. शेजारच्या घराला कुलूप. तेही लग्नाला.

मासळी कापायची सुरी बाबांच्या उशाशी ठेवली. सांगितलं, सगळं सांगितलं. ट्यूब. पट्ट्या. पेज. म्हटलं, मी उंबऱ्याच्या आत आलो तर ही चालवा.

त्यांना वाटेल ताप मलाच आहे, असं मला वाटलं. तसं नाही वाटलं. त्यांनी सगळं ऐकलं. मग हसले, हळू. म्हणाले, "इतक्या महिन्यांत माझ्याकडे बघून कुणाला भूक लागली नव्हती रे."

मी ओसरीवर आलो. होडीच्या दोरीने डावा हात खांबाला बांधला. दोन गाठी. उजव्या हाताने लिहितोय. तो हात लिहीत असला की इथेच राहील. एवढं सोपं आहे.

दुपार. ऊन पांढरं. रस्त्यावर कुणी नाही.

आतून कापल्याचा आवाज. मला वाटलं त्यांनी स्वतःला काही केलं. ओरडून विचारलं. म्हणाले, ठणकतंय फार, पट्टी कापून टाकली, तुझं काम हलकं केलं. ये, धुऊन दे.

येत नाही म्हटलं.

म्हणाले, ये रे पोरा. एकट्याला नको वाटतं.

लिहायचं. काहीही लिहायचं. वरोर. वाणगाव. कैनाड. डहाणू. तलासरी. आईचं नाव ठकी. माझं नाव दिपक. मला एप्रिलमध्ये कोरोना झाला होता. मी बरा झालो. मला बरा झाला म्हणून घरी सोडलं.

बाबा बोलायचे थांबलेत. झोपले असतील. श्वास चालू आहे, इथून दिसतोय. पाय खाटेबाहेर आलाय. माश्या बसतायत. माश्यांना कुणी हाकलायला हवं, एवढंच, हाकलून परत—

इथून खाट दिसत नाही. खांबापाशी बसलं की भिंत आड येते.

मला दिसतेय.

वही मांडीवर आहे. उजवा हात लिहितोय. डावा हात कशावर तरी टेकलाय, गरम आहे, मी तिकडे बघत नाही, मी फक्त लिहितोय, जोवर लिहितोय तोवर